बंदूक परवान्याची आहे, पण गाडीत घालून गोवा-बेळगावला नेता येते का? निघण्याआधी हे वाचाच

आपल्या दोडामार्ग तालुक्यात कर्नाटकातून हत्ती येतात. त्यांना नाक्यावर कोणी थांबवत नाही की कागद विचारत नाही. रानडुकरं, गवे, माकडं यांनाही राज्याची हद्द ठाऊक नाही. पण त्यांच्यापासून शेती राखायला आपण जी बंदूक ठेवतो, तिला मात्र हद्द आहे. ही हद्द परवान्यात लिहिलेली असते, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ती ओळ कधी वाचलेली नसते.

मी स्वतः शेतकरी. वडिलांच्या नावाची एकनळी बंदूक रीतसर माझ्या नावावर झाली, त्याला आता बरीच वर्षं झाली. खरं सांगतो, परवान्यातली ती ओळ मीही वाचली नव्हती. वाचली ती शेजारच्या वाडीतल्या एका काकांवर प्रसंग आला तेव्हा.

काय झालं होतं?

गोष्ट एप्रिल २०२३ ची. काजूचे दिवस. काकांच्या बंदुकीचा घोडा नीट बसत नव्हता. पावसाआधी दुरुस्ती करून घ्यावी, मग भात पोटरीला आल्यावर डुकरं आली तर अडचण नको, एवढाच त्यांचा विचार. बेळगावात दुरुस्ती करणारा माहितीतला होता. मुलगा गाडी घेऊन त्या बाजूला जाणारच होता. काकांनी बंदूक गोधडीत गुंडाळली, मागच्या सीटखाली सारली, आंबोली घाट चढून निघाले. खिशात परवाना होता. मुलाने विचारलं होतं, "बाबा, चालतला मा?" काका म्हणाले, "लायसन आसा, मगे कोणाक भिवचा?"

तेव्हा महाराष्ट्रात निवडणूक नव्हती. पण मे महिन्यात कर्नाटक विधानसभेचं मतदान होतं आणि तिकडे आचारसंहिता लागलेली होती. सीमेवरच्या एका नाक्यावर प्रत्येक गाडी उघडून बघत होते. गोधडी निघाली, बंदूक निघाली. बरोबर पिशवीत चार काडतुसंही होती. काकांनी परवाना दाखवला. तिथल्या अधिकाऱ्याने तो उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, वैधतेचं क्षेत्र : सिंधुदुर्ग जिल्हा.

बंदूक जप्त झाली. गुन्हा नोंद झाला. पासष्टी पार केलेल्या, आयुष्यात कधी पोलीस स्टेशनची पायरी न चढलेल्या माणसाला परक्या राज्यात जामिनासाठी वकील शोधावा लागला. इकडे परवाना रद्द का करू नये अशी नोटीस आली. त्या वर्षी भात डुकरांनी खाल्लं ते वेगळंच. कोर्टाच्या तारखा आजही चालू आहेत.

काका चोर नव्हेत की शिकारी नव्हेत. एक ओळ वाचायची राहिली, एवढंच. म्हणून हा लेख. पुढची माहिती जरा सावकाश वाचा, आणि घरात बंदूक असेल तर आधी परवाना शोधून समोर ठेवा.

परवान्यातल्या चार गोष्टी आत्ताच बघा

बंदुकीचा कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९. तो केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक तिन्हीकडे तोच लागू. त्याच्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत. पण कायदा एकच असला म्हणून परवानाही देशभर चालतो असं नाही. बरेच जण इथेच फसतात. गाडी चालवायचं लायसन सिंधुदुर्गात काढलं तरी दिल्लीत चालतं, तसंच बंदुकीचंही असणार असं आपण धरून चालतो. तसं नाही.

परवाना उघडा आणि बघा :

१) वैधतेचं क्षेत्र. इथे जिल्ह्याचं नाव असेल, राज्याचं असेल किंवा संपूर्ण भारत असं असेल. शेतीसंरक्षणाच्या परवान्यात हे क्षेत्र अनेकदा त्याहून लहान असतं. जेवढं लिहिलंय तेवढंच.

२) मुदत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा असतो, आधी ३ वर्षांचा असे. आपल्या परवान्यावर जी तारीख आहे तीच धरायची. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी द्या, शेवटच्या आठवड्यात धावपळ नको.

३) बंदुकीचा नंबर आणि वर्णन. नळीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का बघा. जुन्या बंदुकांवर नंबर गंजाने पुसट झालेला असतो. नाक्यावर तो वाचता आला नाही तर शंका तुमच्यावरच येणार.

४) काडतुसांची संख्या आणि यूआयएन नंबर. परवान्यात लिहिल्यापेक्षा एकही काडतूस जास्त नको. आणि राष्ट्रीय नोंदणीतला यूआयएन नंबर नसलेला जुना परवाना आता वैध धरला जात नाही. नसेल तर प्रवास सोडाच, आधी ओरोसला कलेक्टर कचेरीतल्या शस्त्र परवाना शाखेत जा.

राज्याच्या आधी जिल्ह्याची हद्द लागते

आपण सारखं गोवा आणि कर्नाटक म्हणतो, पण परवान्यावर फक्त सिंधुदुर्ग जिल्हा असेल तर अडचण त्याच्या बरीच आधी सुरू होते. आंबोली सोडून आजरा-चंदगडच्या बाजूला गेलात की कोल्हापूर जिल्हा. फोंडाघाट चढून दाजीपूरला गेलात की कोल्हापूर जिल्हा. खारेपाटण ओलांडून राजापूरकडे गेलात की रत्नागिरी जिल्हा. म्हणजे कोल्हापूरच्या दुकानात दुरुस्तीला न्यायची तरी क्षेत्र बघावं लागतं. "आपल्याच राज्यात तर आहे" हे उत्तर चालत नाही.

गोव्याचं तर विचारूच नका. बांद्यातून पत्रादेवी आपल्याला शेजारच्या वाडीसारखी. सकाळी कामाला जायचं, संध्याकाळी परत. मोटारसायकलवर रोज जाणारी पोरं आहेत. त्यामुळे ते दुसरं राज्य आहे हे डोक्यातच येत नाही. बंदूक गाडीत असेल त्या दिवशी ते डोक्यात आणावं लागेल.

अमेरिकेचे व्हिडिओ बघून ठरवू नका

हल्ली मोबाइलवर बंदुकीचे व्हिडिओ भरपूर येतात. त्यातले बरेच अमेरिकेतले असतात. गाडीच्या डिकीत कुलूपबंद पेटी ठेवली की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात खुशाल जाता येतं, असं त्यात सांगतात. एका तरुण वाचकाने मला तोच व्हिडिओ पाठवून विचारलं, "आपल्याकडे पण असंच ना?"

अमेरिकेत १९८६ साली एक कायदा झाला. जिथून निघालात तिथे बंदूक बाळगणं कायदेशीर आणि जिथे जाताय तिथेही कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून ती नेता येते. अट एवढीच, की ती भरलेली नको आणि बंदूक किंवा गोळ्या बसल्या जागेवरून हाताला येतील अशा नकोत. डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटीत हवी, आणि पुढच्या कप्प्यात ठेवलेली तर चालतच नाही. तिथे बंदूक बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क मानतात, म्हणून वाटेतल्या राज्यांपासून प्रवाशाला हे संरक्षण दिलं आहे.

आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, परवाना आहे. सरकार अटी घालून देतं आणि अट मोडली तर काढून घेतं. "मी फक्त मधून चाललोय" अशी सूट आपल्या कायद्यात नाही. डिकीला कितीही मोठं कुलूप लावलं तरी क्षेत्राबाहेरची बंदूक ती क्षेत्राबाहेरचीच. तरीही त्यांच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे, ती म्हणजे बंदूक रिकामी, बंद आणि हातापासून लांब ठेवायची पद्धत. ती खाली सांगतो.

मग कायदेशीर मार्ग कोणता?

ज्या कचेरीने परवाना दिला तिथेच अर्ज करायचा. आपल्याकडे जिल्हादंडाधिकारी म्हणजे कलेक्टर, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. गोव्याच्या किंवा बेळगावच्या कचेरीत जाऊन उपयोग नाही. शस्त्र परवान्यांसाठी केंद्राचं एनडाल-एलिस नावाचं ऑनलाइन पोर्टल आहे, अर्ज त्यावरून भरला जातो. जमत नसेल तर सेतू केंद्रात मदत घ्या, पण अर्जाची पोच स्वतःकडे ठेवा.

कचेरीत गेल्यावर दोन गोष्टी स्पष्ट विचारा. एक, माझं क्षेत्र वाढवून मिळेल का? दोन, ते नको असेल तर एवढ्या एका प्रवासापुरती लेखी परवानगी मिळेल का? कारण ठोस लागतं. "असू दे, कधीतरी लागेल" हे कारण होत नाही. दुरुस्ती, नेमबाजीची स्पर्धा, कायमचं स्थलांतर ही कारणं कागदासकट दाखवता येतात. क्षेत्र वाढवताना पोलीस चौकशी होते आणि संपूर्ण भारताची वैधता सरसकट कोणाला मिळत नाही. महिनाभर आधी तरी सुरुवात करा. परवानगी तोंडी नको. साहेब हो म्हणाले होते, हे नाक्यावर कोणी ऐकत नाही.

आणि सगळ्यात सोपा मार्ग सांगू? दुरुस्तीसाठी हद्द ओलांडायचीच नाही. परवानाधारक दुरुस्तीवाला आपल्या क्षेत्रात कुठे आहे हे परवाना शाखेत विचारा. थोडे पैसे जास्त जातील, पण कोर्टाच्या तारखांपेक्षा स्वस्त पडेल.

घर बदललं तर? गाव सोडून कायमचं, किंवा सलग ३० दिवसांपेक्षा जास्त काळ दुसरीकडे राहायला जात असाल आणि बंदूक बरोबर नेत असाल, तर ३० दिवसांच्या आत जुन्या आणि नव्या, दोन्ही ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला लेखी कळवायचं. गोव्यात किंवा पुण्या-मुंबईला मुलाकडे राहायला जाणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींनी हे खास लक्षात ठेवा. पण कळवणं वेगळं आणि क्षेत्रात असणं वेगळं. परवान्याच्या क्षेत्राबाहेर जायचं असेल तर परवानगी आधी, बंदूक नंतर.

गाडीत बंदूक ठेवायची कशी?

क्षेत्र बरोबर आहे, परवाना चालू आहे असं धरू. तरी गोधडीत गुंडाळून सीटखाली सारणं ही पद्धत नव्हे. २०१६ चे नियम सांगतात की सार्वजनिक जागी लांब नळीची बंदूक तिच्यासाठी केलेल्या पिशवीत किंवा खोळीत हवी आणि पिस्तूल, रिव्हॉल्व्हर असेल तर त्याच्या म्यानात हवं. शिवाय ती कायम परवानाधारकाच्या ताब्यात हवी. गोधडीत गुंडाळलेली बंदूक लपवल्यासारखी दिसते, आणि लपवल्यासारखं दिसणं हीच निम्मी अडचण आहे. शस्त्र कायद्याचं कलम २० असं आहे की परवाना असो वा नसो, बंदूक अशा रीतीने नेत असाल की गैरकामाचा रास्त संशय यावा, तर विनावॉरंट अटक होऊ शकते.

म्हणून :

– घरातून निघतानाच बंदूक रिकामी करा. नळी मोडून उजेडाकडे धरा, आरपार दिसलं पाहिजे. नुसतं आठवणीवर विसंबू नका.

– ठासणीची बंदूक असेल तर जास्त काळजी. ठासलेला बार बाहेरून दिसत नाही. ठासलेली बंदूक गाडीत घालायचीच नाही. गाडीच्या धक्क्याने बार उडाल्याचे प्रसंग जुन्या लोकांना विचारा.

– बंदूक खोळीत, डिकीत. काडतुसं वेगळ्या बंद डब्यात, वेगळ्या जागी. ठासणीच्या बंदुकीची दारू आणि केपही तशीच वेगळी ठेवा, तीही दारूगोळ्यातच धरली जाते.

– जेवढी परवान्यात आहेत तेवढीही काडतुसं न्यायची गरज नसते. दुरुस्तीला जाताना एकही नको.

– चहाला, जेवणाला थांबलात तर गाडीत बंदूक सोडून सगळ्यांनी उतरायचं नाही. चोरीला गेली तर ताबडतोब जवळच्या पोलीस स्टेशनला कळवणं ही परवानाधारकाची जबाबदारी आहे.

– गोव्याच्या दिशेने जाताना काय मोह होतो ते आपल्याला माहीत आहे. बंदूक असलेल्या गाडीत दारू नाही, ना पोटात ना डिकीत.

– कुरिअर, एसटी पार्सल, ओळखीच्या ट्रकवाल्याच्या हाती बंदूक पाठवणं, हे कधीही करू नका.

गाडीत कोण असावं?

परवाना ज्याच्या नावावर, तो माणूस गाडीत हवा. मुलगा, जावई, ड्रायव्हर यांच्या हाती परवान्याची झेरॉक्स देऊन बंदूक पाठवली, तर त्यांच्यासाठी ती बिनपरवाना बंदूक ठरू शकते.

याला कलम ३ मध्येच एक छोटी सवलत आहे. परवानाधारक समोर हजर असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिलेला असेल, तर दुसरा माणूस ती बंदूक दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या परवानाधारकाच्या वापरासाठी नेऊ शकतो. वडील अंथरुणाला खिळलेले आहेत आणि बंदूक नूतनीकरणासाठी दाखवायला न्यायची आहे, अशा वेळी हे कामाला येतं. पण पत्र सहीनिशी, तारीख घालून, कारण लिहून आणि मूळ परवान्यासोबत हवं. आणि या पत्राने क्षेत्र वाढत नाही.

वाटेत अभयारण्य आहे का?

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. हमरस्त्याने अभयारण्यातून माणूस जाऊ शकतो, त्याला बंदी नाही. पण गाडीत बंदूक असेल तर गोष्ट बदलते. तुम्ही शिकारीला चालला नव्हतात हे सिद्ध करत बसावं लागेल, आणि वन्यजीव गुन्ह्यात गाडीही जप्त होऊ शकते.

आता आपले रस्ते बघा. गोव्यातून अनमोड घाटाने बेळगावला जाणारा रस्ता मोलेच्या राष्ट्रीय उद्यानाच्या आणि भगवान महावीर अभयारण्याच्या भागातून जातो. फोंडाघाट-राधानगरी रस्त्यावर राधानगरी अभयारण्य आहे. चोर्ला घाटाच्या बाजूला म्हादई अभयारण्य आहे. त्यामुळे रस्ता ठरवताना किलोमीटर वाचवायचा विचार करू नका.

आणखी एक. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन विभागाकडेही आपलं नाव नोंदवायचं असतं, हे त्याच कायद्याचं कलम ३४. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. पिकाचं नुकसान करणारं रानडुक्कर मारायलाही वन विभागाची वेगळी परवानगी लागते.

निवडणूक कोणाची चालू आहे?

काका इथेच चुकले. आपल्याकडे निवडणूक लागली की आपल्याला कळतं, पोलीस पाटील निरोप देतो, बंदुका जमा करायच्या नोटिसा येतात. पिकाच्या दिवसात बंदुका जमा करायला लावतात म्हणून आपण दरवेळी ओरडतो, ते रास्तही आहे. पण शेजारच्या राज्यात निवडणूक असेल तर आपल्याला कोणी निरोप देत नाही. निवडणुकीच्या काळात परवान्याची बंदूकही घेऊन फिरायला बंदी घालणारे आदेश निघतात आणि ते निकालापर्यंत चालतात. तो आदेश त्या जिल्ह्यात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला लागू असतो, मग तो तिथला मतदार असो वा नसो.

आपल्या जिल्ह्यातही सण, मोर्चे, यात्रा असल्या की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्याच्या बातम्या आपल्या पोर्टलवर येतात, त्या नुसत्या पुढे सरकवू नका. कर्नाटक, गोव्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ खाली, असे आदेश असू शकतात. निघण्याच्या आदल्या दिवशी जिथे जाताय तिथल्या पोलीस स्टेशनला फोन करून विचारा.

नाक्यावर थांबवलं तर?

शस्त्र कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पोलिसांना गाडी थांबवून झडती घेण्याचा अधिकार आहे आणि कलम १९ प्रमाणे परवाना मागण्याचा. त्यामुळे वाद घालू नका. गाडी बंद करा, आतला दिवा लावा, हात दिसतील असे ठेवा. झडती सुरू होण्याआधीच सांगा : "साहेब, डिकीत परवान्याची बंदूक आहे. रिकामी आहे. हा परवाना." बंदुकीला स्वतः हात लावू नका, काढ म्हटलं तरच काढा. मूळ परवाना जवळ हवा. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स यावर भरवसा ठेवू नका.

बंदूक ताब्यात घेतलीच तर पंचनाम्याची प्रत मागा. त्यात बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या आणि ती रिकामी होती हे लिहिलंय का बघा. नव्या कायद्यात झडती-जप्तीचं चित्रीकरण करायची तरतूद आहे, ते झालं का हेही नम्रपणे विचारा. न वाचता सही करू नका. कन्नड लिहिलेलं समजत नसेल तर समजावून सांगायला सांगा. वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो.

शिक्षा किती?

परवान्याची अट मोडली तर कलम ३० : ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा जामीनपात्र गुन्हा. पण बिनपरवाना बंदूक बाळगली असं धरलं तर कलम २५ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आणि वर दंड. हा अजामीनपात्र. क्षेत्राबाहेर सापडलेल्या परवानाधारकाला यातलं कोणतं कलम लागावं यावरच वकिलांची भांडणं चालतात. आपण सरळ माणसं आहोत, ती भांडणं आपल्या पैशाने कशाला लढायची?

वाचकांनी विचारलेले प्रश्न

गोव्यात सासरे वारले. त्यांची बंदूक घरी आणू का? नाही. परवाना त्यांच्या नावावर होता. बंदूक विलंब न लावता तिथल्या पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या. मग वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. तोवर तिला डिकीत घालू नका. एका माणसाच्या नावावर आता दोनच बंदुका ठेवता येतात, हेही लक्षात असू द्या.

पाहुण्यांच्या लग्नात एक बार काढायला नेऊ का? मुळीच नको. लग्न, वरात, जत्रा यात बार काढणं हा आता वेगळा गुन्हा आहे. २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बॅगेत चुकून एक काडतूस राहिलं तर? शेतावर नेलेली बॅगच प्रवासाला नेण्याची सवय सोडा. मोपाच्या विमानतळावर यंत्रात ते दिसणारच. नकळत राहिलं हे खरं असेल तरी ते पटवून देईपर्यंत विमान गेलेलं असेल.

जाता जाता

आता मी घरात एक सवय लावली आहे. परवाना, बंदुकीची खोळ आणि क्षेत्र लिहिलेली एक चिठ्ठी एकाच कपाटात. बंदूक घराबाहेर काढायची तर आधी चिठ्ठी वाचायची. मुलगा हसतो. हसू दे.

काकांना परवा भेटलो. पुढच्या तारखेला निघाले होते, एसटीने. म्हणाले, "बंदुकीपेक्षा आता ह्या प्रवासाचाच खर्च जास्त झालो." हा लेख लिहू का विचारलं, तर म्हणाले लिही, पण माझं नाव नको. तेव्हा नाव घेतलेलं नाही. तुमच्या वाडीत ज्याच्या घरी बंदूक आहे त्याला हा लेख पाठवा, आणि आज रात्री जेवण झाल्यावर परवाना उघडून ती एक ओळ वाचायला सांगा.